क्वाड्रपल मार्करच्या अहवालात १:१६५ आले आहे; याचा अर्थ नेमका कसा लावावा?

सुरंगीचा वळेसर

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीसाठी हा प्रश्न विचारत आहे. तिचे वय २९ असून हे तिचे दुसरे बाळंतपण आहे. सासर देवगड तालुक्यात आहे. मेहुणे मालवाहू जहाजावर नोकरीला असल्यामुळे ते इथे नाहीत, आणि जहाजावर फोन केव्हा लागेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे तिच्या सासूबाई आणि मी अशा दोघीच सध्या धावपळ करत आहोत.

डॉक्टरांनी रक्ताची क्वाड्रपल मार्कर चाचणी करून घेतली. रक्त तालुक्याच्या संकलन केंद्रात घेतले आणि तपासणीसाठी मुंबईला गेले. अहवालावर लाल अक्षरांत ‘स्क्रीन पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे. ‘डाउन सिंड्रोमचा धोका १:१६५, मर्यादा १:२५०, वयानुसार धोका सुमारे १:१०००’ असे आकडे दिले आहेत. ट्रायसोमी १८ (अठराव्या गुणसूत्राची जादा प्रत) आणि मज्जारज्जूचा दोष या दोन्हींसमोर ‘कमी धोका’ असे आहे. आतल्या पानावर चार घटकांपुढे ‘एमओएम’ नावाचे आकडे आहेत : एएफपी ०.७१, अनकॉन्ज्युगेटेड इस्ट्रिऑल ०.६८, एचसीजी १.६२ आणि इनहिबिन-ए १.४८. रक्त घेतले त्या दिवशी गर्भ १८ आठवडे १ दिवसाचा होता आणि तो पाळीच्या तारखेवरून मोजला, असेही त्यावर छापलेले आहे. वजन ५८ किलो, मधुमेह नाही, जुळी नाहीत.

पहिल्या तीन महिन्यांतला एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी) तिचा राहून गेला. पहिली सोनोग्राफी मात्र कणकवलीला लवकर झाली होती, पाळीच्या हिशेबाने बरोबर दहा आठवडे झाले त्या दिवशी. तिच्या कागदावर गर्भाची लांबी आणि त्यापुढे ‘८ आठवडे २ दिवस’ असे लिहिलेले आहे. त्या वेळी ठोके चांगले आहेत असे सांगून डॉक्टरांनी पाठवले, आणि आम्हीही पुढे काही विचारले नाही.

आता डॉक्टर म्हणतात की एकतर एनआयपीटी (आईच्या रक्तातील डीएनएवरून होणारी चाचणी) करा किंवा गर्भजल तपासणी करा, आणि ठरवायला फार दिवस लावू नका. सासूबाईंचे म्हणणे असे की दोन्ही घराण्यांत असे मूल कधीच जन्मले नाही, तर हे आले कुठून? बहिणीने तर जेवणच कमी केले आहे. माझे प्रश्न असे : १:१६५ म्हणजे बाळात दोष आहे असे समजायचे का? आईच्या रक्तावरून बाळाची गुणसूत्रे कशी कळतात? आणि या दोन तपासण्यांपैकी कोणती करावी? कोणी जाणकाराने सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

रापण

ताई, आमच्या नात्यात अशीच वेळ आली होती. माझे स्पष्ट मत असे की मधल्या तपासण्यांत पैसे आणि दिवस घालवू नयेत. गर्भजल तपासणी हीच अखेरची तपासणी आहे, कारण तीत बाळाच्याच पेशी हाती येतात आणि उत्तर हो किंवा नाही असे मिळते. एनआयपीटीत दोष दिसला तरी पुन्हा गर्भजल करावेच लागते. गोव्याला, कोल्हापूरला किंवा मुंबईला जिथे सोय असेल तिथे लगेच तारीख घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण सुई घातल्यानंतर अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते.

कातळसडा

मी जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि असे अहवाल रोज पाहतो. रापण यांनी गर्भजल तपासणीबद्दल लिहिले आहे ते खरे आहे, पण तिकडे वळण्यापूर्वी आपण दिलेल्या माहितीतल्या एका गोष्टीकडे पाहणे फार आवश्यक आहे. त्यासाठी आधी चाचणी कशी चालते ते सांगतो.

या चाचणीत बाळाची गुणसूत्रे कोणी पाहतच नाही. बाळ आणि वार यांनी तयार केलेले जे पदार्थ आईच्या रक्तात उतरतात, त्यांतील चार मोजले जातात. एएफपी हे प्रथिन आधी पीतक पिशवीत आणि नंतर बाळाच्या यकृतात तयार होते. इस्ट्रिऑलसाठी लागणारा कच्चा माल बाळाच्या अधिवृक्क ग्रंथी पुरवतात आणि वार त्याचे अंतिम रूप तयार करते. एचसीजी आणि इनहिबिन-ए हे दोन्ही वारेचे. डाउन सिंड्रोम, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत, असलेल्या गर्भधारणेत, सरासरीने पाहता, पहिले दोन पदार्थ नेहमीच्या पाऊणपटीच्या आसपास उतरतात आणि पुढचे दोन दुपटीच्या आसपास चढतात. ट्रायसोमी १८ मध्ये चित्र वेगळे असते : एएफपी, इस्ट्रिऑल आणि एचसीजी हे तिन्ही खाली जातात. मज्जारज्जू उघडा राहिला असेल तर एएफपी उलट वर चढते. पहिल्या तिमाहीतल्या डबल मार्करमध्ये पॅप-ए आणि फ्री बीटा-एचसीजी हे दोनच पदार्थ असतात. डाउन सिंड्रोममध्ये पॅप-ए कमी आणि बीटा-एचसीजी जास्त आढळते, आणि त्याला एनटी स्कॅनची जोड देतात.

एएफपी कमी असण्याचा गुणसूत्रांच्या दोषांशी संबंध आहे, हे १९८४ साली प्रथम प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९८८ साली निकोलस वॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन पदार्थ आणि आईचे वय एकत्र करून धोका मोजण्याची पद्धत मांडली. इनहिबिन-ए नंतर आले, आणि ट्रिपलची क्वाड्रपल झाली.

आता एमओएमविषयी. या पदार्थांची पातळी आठवड्याआठवड्याला बदलते, त्यामुळे रक्तातला नुसता आकडा काहीच सांगत नाही. त्याच वयाच्या निरोगी गर्भधारणांमधील मधली पातळी १ धरायची आणि आपली पातळी तिच्या किती पट आहे ते पाहायचे, याला एमओएम म्हणतात. पुढे आईच्या वजनानुसार त्यात दुरुस्ती करतात, कारण वजन जास्त असेल तर रक्ताचे आकारमान वाढून हेच पदार्थ पातळ होतात. धूम्रपान, इन्सुलिनवरचा मधुमेह, आयव्हीएफ, जुळी या सगळ्यांचा परिणाम असतो, म्हणूनच तो लांबलचक फॉर्म भरून घेतात. संकलन केंद्रांत तो फॉर्म किती घाईने भरला जातो, त्याविषयी न लिहिलेलेच बरे.

चारही एमओएमवरून एक गुणक निघतो आणि वयाच्या धोक्याला त्याने गुणतात. आपल्या बहिणीच्या वयाचा धोका हजारात एक, आणि चार घटकांनी तो साधारण सहापट केला, म्हणून १६५ मध्ये एक. याचा अर्थ इतकाच की अगदी असाच अहवाल असलेल्या १६५ स्त्रियांपैकी १६४ जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम नसतो. टक्केवारीत तो धोका सुमारे ०.६ होतो. ‘पॉझिटिव्ह’ हा शिक्का फक्त १:२५० ही रेघ ओलांडली म्हणून बसतो; १:२४५ ला बसतो आणि १:२५५ ला बसत नाही, आणि या दोघींच्या धोक्यात प्रत्यक्षात काहीच फरक नसतो.

आता मुख्य मुद्दा. सोनोग्राफीच्या दिवशी पाळीच्या हिशेबाने दहा आठवडे झाले होते आणि गर्भाची लांबी ८ आठवडे २ दिवसांची भरली. हा फरक १२ दिवसांचा आहे. पहिल्या तिमाहीत लांबीवरून काढलेले वय हे पाळीच्या तारखेपेक्षा अधिक विश्वसनीय मानले जाते, आणि फरक आठवड्याच्या वर असेल तर सोनोग्राफीचीच तारीख धरायची असते. तसे धरले तर रक्त घेतले त्या दिवशी गर्भ १८ आठवडे १ दिवसाचा नव्हता, १६ आठवडे ३ दिवसांचा होता. प्रयोगशाळेने मात्र आपल्या बहिणीच्या पातळ्या अठरा आठवड्यांच्या गर्भधारणांशी ताडून पाहिल्या.

याने काय होते ते पाहा. या काळात एएफपी दर आठवड्याला सुमारे १५ टक्क्यांनी वाढते, इस्ट्रिऑल त्याहून वेगाने वाढते, आणि एचसीजी मात्र उतरत असते. म्हणजे प्रत्यक्षात लहान असलेल्या गर्भाला मोठा समजून तुलना केली, की एएफपी आणि इस्ट्रिऑल कमी दिसणार आणि एचसीजी जास्त दिसणार. डाउन सिंड्रोमचे चित्रही हेच असते. त्या गर्भधारणेत वार आणि बाळ वयाच्या मानाने मागे राहिल्यासारखे वागतात, अशी मांडणी केली जाते. त्यामुळे तारीख चुकलेली निरोगी गर्भधारणा आणि दोष असलेली गर्भधारणा या दोन्ही कागदावर सारख्याच दिसू शकतात. इनहिबिन-ए या आठवड्यांत फारसे हलत नाही, त्यामुळे त्याचा आकडा जवळपास तसाच राहील.

म्हणून माझी सूचना अशी की त्या पहिल्या सोनोग्राफीचा कागद डॉक्टरांना दाखवावा आणि त्यांच्यामार्फत प्रयोगशाळेला गर्भाचे वय सुधारून धोका पुन्हा मोजण्यास सांगावे. त्यासाठी पुन्हा रक्त द्यावे लागत नाही, कारण मोजलेल्या पातळ्या त्यांच्याकडे असतातच. बदलायचा असतो तो फक्त हिशेब.

आणखी एक. हे काम झाल्यावर येणारा आकडा काहीही असो, तो मान्य करावा. ‘दुसऱ्या प्रयोगशाळेत क्वाड्रपल पुन्हा करून पाहू’ हा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. तो घेऊ नये. वयाची दुरुस्ती करण्यामागे कारण आहे. मनासारखा आकडा येईपर्यंत चाचणी करत राहण्यामागे काहीच कारण नाही, आणि त्यातून खरा धोका झाकला जातो.

रापण

तारखांचा हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण एक शंका आहे. रक्त देवगडहून मुंबईला जायला किती तास लागतात ते आपण सगळेच जाणतो, त्यात उन्हाळा. प्रवासात ते खराब होऊन आकडे बदलत नसतील कशावरून?

कातळसडा

शंका योग्य आहे. यात सर्वांत नाजूक घटक फ्री बीटा-एचसीजी हा आहे. रक्त न विलगता उष्णतेत पडून राहिले तर अखंड एचसीजीचे रेणू तुटतात आणि सुटा बीटा भाग खोटाच वाढलेला दिसतो. म्हणून संकलन केंद्राने रक्त गोठल्यावर ते यंत्रावर फिरवून वरचा द्राव, म्हणजे सीरम, वेगळा करावा आणि बर्फाच्या पेटीतून पाठवावा. सीरम थंड राहिले तर कोकणातून मुंबईपर्यंतच्या प्रवासाने बिघडत नाही. आपल्या अहवालात नुसते ‘एचसीजी’ आहे. काही प्रयोगशाळा क्वाड्रपलमध्ये एकूण एचसीजी मोजतात, काही फ्री बीटा मोजतात. ते पद्धतीच्या रकान्यात पाहता येईल. एकूण एचसीजी या बाबतीत बरेच टिकाऊ असते. शिवाय इथे इस्ट्रिऑल आणि एएफपी हे दोन्हीही त्याच दिशेने सरकले आहेत, त्यामुळे माझा संशय वाहतुकीपेक्षा तारखेवर अधिक आहे.

पाणंद

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातच स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करते. कातळसडा यांच्या म्हणण्याला माझा दुजोरा आहे. आपल्याकडे ही तारखेची अडचण वरचेवर येते. पहिल्या मुलाला अंगावर पाजत असताना पाळी नीट सुरू झालेली नसते आणि तेवढ्यात दिवस जातात, किंवा पाळीची तारीख गणपतीच्या आधी की नंतर एवढ्यावरच आठवते. फॉर्ममध्ये मात्र एक नेमकी तारीख लिहावीच लागते, आणि संगणक तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवतो. मी स्वतः पहिल्या सोनोग्राफीची प्रत रक्ताच्या नमुन्याबरोबर पाठवते.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण घरात शांतता राहणे हेही महत्त्वाचे आहे. डाउन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के मुलांत एकविसाव्या गुणसूत्राची सुटी तिसरी प्रत असते. बीजांडे किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची जोडी वेगळी न झाल्यामुळे ती येते. ती घराण्यातून चालत येत नाही आणि कोणाच्या वागण्याने, ग्रहणाने किंवा खाण्याने होत नाही. अगदी थोड्या मुलांत गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो, अशा मुलांच्या बाबतीतच आईवडिलांची तपासणी करावी लागते. वयाबरोबर धोका वाढतो, पस्तिशीला सुमारे ३५० मध्ये एक आणि चाळिशीला सुमारे १०० मध्ये एक. तरीही एकूण बाळंतपणे तरुण वयातच जास्त होत असल्यामुळे अशी बरीच मुले तरुण आयांच्याच पोटी जन्मतात. म्हणून ‘वय कमी आहे, चाचणी कशाला’ हे म्हणणे टिकत नाही.

पुढच्या तपासण्यांबद्दल रापण यांच्याशी माझे थोडे मतभेद आहेत. एनआयपीटी ही आईच्याच रक्ताची चाचणी आहे, पण ती प्रथिने मोजत नाही. आईच्या रक्तद्रवात वारेच्या पेशींमधून आलेले डीएनएचे तुकडे तरंगत असतात, हे १९९७ साली डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्या तुकड्यांत एकविसाव्या गुणसूत्राचा वाटा किंचित जास्त आहे का, ते मोजले जाते. दहाव्या आठवड्यापासून ती करता येते. डाउन सिंड्रोम असलेल्या शंभरपैकी ९९ गर्भधारणा ती पकडते आणि हजारात सुमारे एकीलाच चुकीचा इशारा देते. क्वाड्रपल ही शंभरपैकी ७५ ते ८० पकडते आणि वीस निरोगी गर्भवतींमागे एकीला विनाकारण घाबरवते. हा फरक मोठा आहे.

तरीसुद्धा एनआयपीटीला निदान म्हणता येत नाही. एक लाख गर्भवती घ्या, ज्यांचा मूळ धोका हजारात एक आहे. त्यांत १०० बाळांना दोष असेल आणि ९९ सापडतील. पण उरलेल्या ९९,९०० मध्ये हजारी एक या प्रमाणात आणखी सुमारे १०० जणींनाही ‘पॉझिटिव्ह’ म्हटले जाईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्म्याच खऱ्या. मूळ धोका १:१६५ असेल तर हेच प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास जाते. दोन्हीकडे गर्भजल तपासणी केल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय घेऊ नये. काही वेळा वारेत दोष असतो आणि बाळात नसतो, आणि एनआयपीटीला दिसते ती वारच. शिवाय बाळाचा डीएनए पुरेसा नसेल तर अहवालच येत नाही. वजन जास्त असलेल्या स्त्रियांत हे अधिक घडते. आपल्या बहिणीच्या ५८ किलो वजनाला ही अडचण सहसा येऊ नये. खर्च मात्र क्वाड्रपलच्या कितीतरी पट आहे, हे आधीच विचारून घ्यावे.

गर्भजल तपासणीत पंधराव्या आठवड्यानंतर सोनोग्राफीच्या नजरेखाली पोटातून बारीक सुई घालून १५ ते २० मिलिलिटर पाणी काढतात. तिच्यामुळे गर्भपात होण्याचा धोका एक टक्क्याहून कमी आहे, आणि अनुभवी हातांत तो बराच कमी असतो. जलद चाचणीने मुख्य गुणसूत्रांचे उत्तर दोन-तीन दिवसांत मिळते. पेशी वाढवून केलेल्या पूर्ण गुणसूत्र तपासणीला दोन आठवडे किंवा थोडे अधिक लागतात. प्रसूतिपूर्व लिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार हे काम नोंदणीकृत केंद्रातच होते आणि आईची लेखी संमती तिला समजेल अशा भाषेत घेतली जाते. एनआयपीटी असो की गर्भजल, ‘मुलगा की मुलगी’ हे कोणी सांगणार नाही. नातेवाईक हा प्रश्न हळूच विचारतात म्हणून स्पष्ट लिहिले.

दिवसांचा हिशेबही सांगते. वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते; २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि बाळातील गंभीर दोष हे त्यांपैकी एक कारण आहे. २४ आठवड्यांनंतर गंभीर दोषाचा निर्णय राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे जातो. याचा अर्थ असा नव्हे की कोणी काही करायलाच हवे. पण माहिती असलेली बरी, आणि सोनोग्राफीच्या तारखेप्रमाणे आपल्याकडे पाळीच्या हिशेबापेक्षा १२ दिवस अधिक आहेत.

थोडक्यात, आधी धोका पुन्हा मोजून घ्या. तो १:२५० पेक्षा जास्तच राहिला तर एनआयपीटी की गर्भजल हे बहिणीने ठरवावे. शंभर टक्के उत्तर हवे असेल आणि सुईची भीती नसेल तर गर्भजल. अगदी लहानसा धोकाही पत्करायचा नसेल तर आधी एनआयपीटी. दोन्ही मार्ग वैद्यकीय दृष्ट्या योग्य आहेत, आणि डॉक्टरांनी त्यांतला एक लादू नये.

मचवा

वरील सर्व माहिती उत्तम आहे, परंतु मला दुसरी बाजू नोंदवायची आहे. माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे आणि ती आता शाळेत जाते. तिच्या वेळी ट्रिपल मार्करचा अहवाल ‘कमी धोका’ असा आला होता, आणि आम्ही तो ‘दोष नाही’ असाच वाचला. कमी धोक्याचा आकडाही शून्य नसतो, हे आम्हाला तेव्हा कोणी समजावले नाही. तिच्या हृदयात जन्मतः छिद्र होते. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. तो आम्हाला जन्मानंतर कळला आणि मुंबई गाठेपर्यंतचा काळ फार कठीण गेला.

माझे सांगणे इतकेच की चाचणी फक्त गर्भ ठेवायचा की नाही यासाठी असते असे समजू नये. आधी कळले असते तर आम्ही बाळंतपण हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी ठरवले असते. पुढे जो निकाल येईल तो येवो, अठरा ते वीस आठवड्यांचा ॲनॉमली स्कॅन (बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी) चुकवू नका आणि शंका असल्यास बाळाच्या हृदयाची स्वतंत्र इको तपासणी करून घ्या. ज्या घरांत मूल जन्माला येऊन निदान झाले असेल त्यांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रे विचारावीत. डाउन सिंड्रोम त्या कार्यक्रमाच्या यादीत आहे आणि तिथे फिजिओथेरपी आणि वाचा उपचार मिळू शकतात.

सुरंगीचा वळेसर

सर्वांची फार आभारी आहे. आम्ही कणकवलीचा तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही तारखा ताडून पाहिल्या आणि लगेच प्रयोगशाळेला कळवले. सुधारित अहवाल आला आहे : गर्भाचे वय १६ आठवडे ३ दिवस, एएफपी ०.९०, इस्ट्रिऑल ०.९६, एचसीजी १.१७, इनहिबिन-ए १.४५, आणि धोका १:१८५०. बहिणीला समोर बसवून मी कातळसडा यांचा मजकूर वाचून दाखवला. तिने सर्वांत आधी विचारले की १८४९ जणींत मी आहे हे कशावरून, आणि मचवा यांचे लिहिणे वाचल्यावर मला तो प्रश्न गैर वाटला नाही.

डॉक्टरांच्या मते आता गर्भजलाची आवश्यकता नाही. ॲनॉमली स्कॅन नीट करावा, आणि तरीही मनाला स्वस्थता हवी असेल तर एनआयपीटीचा पर्याय आहे. मेहुण्यांशी काल बोलणे झाले. त्या दोघांनी स्कॅन पाहून मग ठरवायचे असे म्हटले आहे. आता दोनच शंका उरल्या आहेत. बाकीचे तीन आकडे एकाच्या जवळ आले, मग इनहिबिन-ए तसेच वर का राहिले, आणि त्याची काळजी करावी का? आणि प्रसूतीची तारीख आता कोणती धरायची?

कातळसडा

इनहिबिन-ए हे पंधरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान बऱ्यापैकी सपाट असते, त्यामुळे वय बदलले तरी त्याचा एमओएम फारसा बदलत नाही. १.४५ हा आकडा निरोगी गर्भधारणांमध्येही नेहमी आढळतो. हे पदार्थ एकापासून थोडे इकडेतिकडे असणे हेच स्वाभाविक आहे. चारही बरोबर १ असलेला अहवाल माझ्या पाहण्यात क्वचितच येतो.

पाणंद

इनहिबिन-ए दुपटीच्या वर असेल आणि बाळाची गुणसूत्रे ठीक असतील, तर पुढे आईचा रक्तदाब वाढण्याकडे आणि बाळाच्या वाढीकडे आम्ही अधिक लक्ष ठेवतो, कारण ते वारेच्या कामकाजातील अडचणीचे लक्षण असू शकते. पहिल्या तिमाहीत पॅप-ए फार कमी असेल तेव्हाही हेच करतो. १.४५ ला वेगळे काही करण्याची गरज नाही. दर भेटीत रक्तदाब मोजला जातो तो मोजावा.

प्रसूतीची तारीख पहिल्या सोनोग्राफीप्रमाणेच धरायची, म्हणजे पाळीवरून काढलेल्या तारखेच्या १२ दिवस पुढे. ती सर्व कागदांवर एकसारखी लिहून घ्या, विशेषतः माता बाल संरक्षण कार्डावर, कारण पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीत बाळाची वाढ याच तारखेशी ताडली जाईल. जुनी तारीख कार्डावर राहिली तर आठव्या महिन्यात कोणीतरी बाळ लहान भरते म्हणून पुन्हा घाबरवेल, आणि शेवटी दिवस उलटून गेले असे समजून कळा आणण्याची घाई होईल. ॲनॉमली स्कॅनसाठी तारीख घेतानाही नव्याच हिशेबाने १९ वा आठवडा धरून घ्यावी, आणि जाताना दोन्ही क्वाड्रपल अहवाल बरोबर ठेवावेत, म्हणजे स्कॅन करणाऱ्या डॉक्टरांना आधीचा आकडा कसा आला होता ते कळेल.